खांद्याचा खर्च १ लाख ८० हजार नाही

सांगलीच्या एका रंगकाम करणाऱ्या वाचकाचं पत्र आहे. वय ५१, मधुमेह, महिन्याची कमाई ४० हजार. उजव्या खांद्याचा कंडरा (रोटेटर कफ) फाटलाय, दुर्बिणीतून शिवायला १ लाख ८० हजार सांगितलेत. ४ लाखांची एफडी मोडू की १४ टक्क्यांनी पर्सनल लोन घेऊ, असं ते विचारतात. शेवटी लिहितात, "पंधरा दिवसांत शिडीवर चढेन. वर्षाला ६० हजारांचा विमा सात वर्षं भरतोय, एजंट म्हणाला आजारपणात तोच कामाला येईल."

एफडी मोडा. एफडीचं ७ टक्के व्याज वाचवायला कर्जाचे १४ टक्के कोणी भरतं का?

पण पंधरा दिवस हे कोणी सांगितलं? भोकं बारीक असली तरी शिवलेला कंडरा हाडाला धरायला त्याचा वेळ घेतोच. चार ते सहा आठवडे हात झोळीत, ताकदीचे व्यायाम साधारण तीन महिन्यांनी, छत रंगवायला सहा महिने धरा. घाई केलीत तर शिवण सुटू शकते, आणि मधुमेहात ती भीती जास्त. बहुतेकांचं दुखणं कमी होतं हे खरं, पण तुमचं पोट हात वर जाण्यावर आहे. आता हिशेब करा: ऑपरेशन १.८ लाख, बुडालेली कमाई २.४ लाख, फिजिओथेरपीचे वीसेक हजार. साडेचार लाखांच्या जवळ. एफडी ४ लाखांची!

आणि तो विमा म्हणजे एंडोमेंट पॉलिसी, म्हणजे आयुर्विमा आणि बचत एकत्र. हॉस्पिटलच्या बिलाचा एक रुपया ती देणार नाही. ४ लाख २० हजार भरलेत, परतावा जेमतेम पाच-साडेपाच टक्के. तुम्हाला हे आजारपणाचा विमा म्हणून विकलं, याचा मला संताप येतो. घरच्या सगळ्यांचा आरोग्य विमा आत्ताच घ्या, मधुमेह आणि खांदा दोन्ही लपवू नका. हे ऑपरेशन त्यात बसणार नाही. आधीच्या आजारांना जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं. टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा) हातात आला की एंडोमेंट पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद करून पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवा; महिन्याला ५ हजार सुटतील.

पैसे भरण्याआधी दोन चौकशा करा. फाट अर्धवट असेल तर आधी फिजिओथेरपी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. आणि रेशनकार्ड घेऊन जन आरोग्य योजनेच्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा; हे ऑपरेशन योजनेत बसलं तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे.

झोळी सुटली की कामं घ्यायला लागा, फक्त शिडीवर दुसरा माणूस चढवा. त्याची मजुरी जाऊन महिन्याला १५ हजार उरले, तरी साडेचार महिन्यांत ६५-७० हजार होतात.