लारी हे नाव लाट देशाचे नव्हे, लार शहराचे

घरातल्या जुन्या पेटीत केसांच्या आकड्यासारखी दुमडलेली चांदीची तार सापडली, वडीलधारी मंडळी तिला लारी म्हणतात, तर हे नाव कशावरून पडले आणि आज तिची किंमत काय येईल, असे आपण विचारले आहे. किमतीचे शेवटी पाहू. नावाचा प्रश्न मात्र आमच्या घरात दरवर्षी गणपतीत निघतो आणि आरतीपेक्षा जास्त वेळ चालतो, म्हणून हे उत्तर लिहिणे मला भागच आहे.

दक्षिण इराणात, शिराझहून होर्मुझच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या व्यापारी वाटेवर लार नावाचे शहर आहे. तिथे पाडलेले चांदीचे नाणे म्हणजे लारी. पुढे होर्मुझ आणि बसरा येथेही तशीच नाणी पडू लागली, तरी नाव बदलले नाही, कारण व्यापाऱ्याला टांकसाळीच्या गावापेक्षा ओळखीच्या आकाराशी आणि चांदीच्या कसाशी कर्तव्य होते.

आमचे थोरले काका निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचे म्हणणे असे की, दक्षिण गुजरातला पूर्वी लाट किंवा लार देश म्हणत, लारी तिथलीच आणि तिचा इराणशी काही संबंध नाही. हे त्यांनी गावच्या देवस्थानाच्या स्मरणिकेत छापूनही आणले, त्यामुळे दापोलीपासून गुहागरपर्यंतचे आमचे सगळे नातेवाईक आता तेच प्रमाण मानतात. लाट देशाला लार म्हणत, इतके खरे आहे. पण लाऱ्या चलनात होत्या त्या सोळाव्या-सतराव्या शतकात गुजरातचे चांदीचे नाणे महमुदी होते, तिथला सुलतान महमूद बेगडा याच्या नावाचे आणि चांगले वाटोळे. दुमडलेल्या तारेचे नाणे गुजरातच्या सुलतानांनी पाडलेच नाही, तर त्यांच्या मुलखाचे नाव त्याला लागेल कशाला? यावर काका मला गेली कित्येक वर्षे एकच उत्तर देतात, ते म्हणजे, “तू अजून लहान आहेस.” मला दोन नातवंडे आहेत.

ही लारी मी हातात घेऊन पाहिलेली आहे. आजीच्या डब्यात अशा काही लाऱ्या होत्या. त्यांपैकी एक आत्याने लपवून ठेवली म्हणून वाचली, बाकीच्या काकांनी मोडीत घालून त्यांचे निरांजन करून घेतले. नाण्याच्या इतिहासावर लेख लिहिणाऱ्या माणसाने हे करावे, याचा राग मला अजून आहे. आत्याकडची लारी काळवंडलेली असून तिच्या दोन्ही पायांवर फारसी अक्षरांचा ठसा आहे. ठसा तारेपेक्षा रुंद असल्यामुळे अक्षरांचे डोके एका बाजूला आणि शेपूट दुसऱ्या बाजूला तुटलेले दिसते. दुमडीजवळ छिन्नीची एक बारीक खाच आहे. आतली चांदी खरी की वर नुसता मुलामा, हे पाहण्यासाठी सराफ असा घाव घालीत. वजन साधारण पावणेपाच ग्रॅम.

ती आपल्याकडे आली याचे कारण दाभोळ आणि चौल ही बंदरे. होर्मुझहून अरबी घोडे या बंदरांत उतरत, इकडून कापड आणि मसाल्याचे पदार्थ जात, आणि हिशेब चुकता करताना चांदी लागे. हे नाणे किनाऱ्यावर इतके मुरले की, विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाने (१६५६ ते १६७२) स्वतःच्या नावाच्या लाऱ्या पाडल्या, आणि त्यांच्यावर ‘जर्ब लारी’ असे शब्द आहेत (जर्ब म्हणजे नाण्याचा ठसा मारणे). नाणे स्वतःच आपले नाव सांगत असताना आणखी साक्ष कशाला हवी? तरी हवीच असेल, तर १६०२ मध्ये मालदीवजवळ जहाज फुटून तिथे अडकलेल्या पिरार या फ्रेंच प्रवाशाने तिथल्या लाऱ्यांचे वर्णन केले आहे, आणि मालदीवमध्ये आजही शंभर लारींची एक रुफिया होते. श्रीलंकेत तर ती गळासारखी वाकवून वापरीत.

नाव परक्या शहराचे ठरले म्हणून आपल्या दाभोळचा मोठेपणा कमी होतो, अशी काकांची भीती आहे. मला ती पटत नाही. दूरच्या मुलखातली चांदी जिथे येऊन खपते, ते बंदर लहान नसते.

आता किमतीविषयी. ठसा किती उमटला आहे आणि सन वाचता येतो का, यावर ती ठरते, त्यामुळे नाणे न पाहता आकडा सांगणारा माणूस आपल्याला फसवतो आहे असे समजावे. चिंच, राख किंवा पावडर लावून ती घासू नये. सोनाराकडे तर मुळीच नेऊ नये, तो चांदीच्या भावाने मोजून मोकळा होईल. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे विचारावे. मात्र एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: लारी पेटीत नव्हे तर परसात खणताना मिळाली असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे ती परदेशातल्या हौशी गिऱ्हाइकाला पाठवता येत नाही, मग त्याने कितीही पैसे देऊ केले तरी.