वर्गावरची ताई बदलताना

प्रिय मैत्रिणी,

लहान मुलांच्या वर्गावरची जुनी ताई, म्हणजे शिक्षिका, कधी जाणार आणि नवी कोण येणार, एवढं ठरलं की काम संपलं असं वाटतं. ते तिथून सुरू होतं.

दोघी निदान दहा दिवस एकत्र वर्गात हव्यात. पहिले तीन दिवस नव्या ताईने जमिनीवर बसून नुसतं खेळात राहायचं, सूचना द्यायच्या नाहीत. मग हात धुणं आणि खाऊ तिच्याकडे. शी-शू, कपडे बदलणं, झोपवणं अगदी शेवटी, कारण मुलाचा सगळ्यात जास्त विश्वास तिथे लागतो. प्रत्यक्षात उलटंच घडतं: नकोशी कामं नव्या माणसाच्या गळ्यात आधी पडतात आणि दुसऱ्या दिवशी मूल तिला पाहून दाराकडे पळतं.

एमी पिक्लर या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४६ साली बुडापेस्टमध्ये शिशुगृह सुरू केलं. तिथे अंघोळ, कपडे, भरवणं यांचा क्रम बारकाईने ठरलेला असे. पुढे काय होणार हे बाळाला आधीच कळे. आपल्याला घ्यायचं ते हेच. माणूस बदलतंय, तर क्रम बदलू नकोस. चार आठवडे बसायच्या जागा, गाणी, खेळांचे कोपरे जसेच्या तसे राहू देत. नव्या ताईला भिंती सजवायची हौस असते, तिला थोडं थांबव. आणि याच काळात मदतनीस बाईंना दुसऱ्या वर्गात हलवू नकोस. मुलांकडे ओळखीचा तेवढाच चेहरा उरलेला असतो.

जुन्या ताईकडून वही लिहून घे, प्रत्येक मुलाला एक पान. शू लागली की ते कोणता शब्द वापरतं, कशाने झोपतं, रडायला लागलं की उचलून घेतलेलं आवडतं की नाही, ॲलर्जी, औषध, घ्यायला कोण येऊ शकतं. 'गुणी आहे, शांत आहे' असली वाक्यं परत कर, त्यांचा काही उपयोग नाही.

मुलांना तीन-चार दिवस आधी सांग, महिनाभर आधी नको. 'पुढचा महिना' त्यांना कळत नाही, 'अजून तीनदा झोपून उठलं की' कळतं. पालकांना त्याआधी कळवलेलं असावं. ताई गावाला गेली, असं खोटं सांगू नये. मूल रोज दाराशी वाट बघत बसतं. 'तुम्ही दंगा करता म्हणून गेली' हे तर गमतीतही नाही. निरोप छोटा ठेव. जाणाऱ्या ताईला रडू आलं तर चालेल, पण मुलांनी तिचं सांत्वन करायची वेळ येऊ नये.

नंतरचे दोन-तीन आठवडे चावणं, अंगठा चोखणं, चड्डीत शू होणं वाढू शकतं. रागावू नका, लाजवू नका. जेवण किंवा झोप त्यापुढेही बिघडलेली राहिली तर पालकांशी बोलून डॉक्टरांकडे पाठव. रडणाऱ्यांपेक्षा गप्प झालेल्या मुलाकडे जास्त लक्ष दे. आईवडिलांपासून तुटलेल्या लहान मुलांमध्ये आधी आकांत, मग निराशा, मग अलिप्तपणा येतो, हे जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी या ब्रिटिश अभ्यासकांनी १९५० च्या दशकातच मांडलं होतं. ताई जाणं तेवढं मोठं नसतं, तरी 'रुळलं बाई' म्हणायची घाई नको.

ताई अचानकच गेली, तर कामं वाटून घ्या. झोपवणं आणि शी-शू मदतनीस बाईंकडे, गोष्टी-गाणी नव्या ताईकडे. गेलेल्या ताईचा फोटो भिंतीवरून लगेच उतरवू नकोस. मुलं त्याकडे बोट दाखवून विचारतील, तेव्हा तिचं नाव घेऊन बोल.

सस्नेह आशीर्वाद.