पट्ट्या, पॉलिश आणि फुगलेली दारे : वाचकांचे प्रश्न

दिवाळीत चौकटीभोवती ७५ मिमी रुंद सागाची मोल्डिंग पट्टी लावली. एप्रिलमध्ये वरच्या कोपऱ्यांतले ४५ अंशांचे सांधे आतल्या बाजूने उघडले. सुतार म्हणतो, लाकडाचाच दोष. (नागपूर)

दोष लाकडाचा नाही, घाईचा आहे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही. हलते ते रुंदीत. पट्टी सुकून अरुंद झाली की तिरक्या कापाचा कोन ४५ अंशांपेक्षा कमी होतो. मग दोन्ही पट्ट्या बाहेरच्या टोकाला टेकतात आणि आत फट पडते. दमट हवेत पट्टी फुगली तर उलटे होते, बाहेरचे टोक उघडते. तुमची फट आतून आहे, म्हणजे पट्टी लावताना ओली होती.

पुढच्या वेळी पट्ट्या त्याच खोलीत दोन-तीन आठवडे, मध्ये काठ्या घालून, हवा खेळेल अशा रचून ठेवा. ओलावामापकावर १० टक्क्यांच्या आसपास आकडा आला की मगच कापा. गिलाव्यातल्या चौकटीचा कोपरा नेमका काटकोनात असतो असे धरू नका. आधी दोन टाकाऊ तुकड्यांवर कोन जुळवा आणि त्याच्या निम्म्यावर काप घ्या.

आधी सांध्याचे तोंड थिनरने पुसून सागातले मूळचे तेल काढा. हे तोंड डिंक शोषून घेते. म्हणून डिंकाचा पातळ हात द्या, पाच मिनिटांनी दुसरा द्या आणि मगच जोडा. वरून एक बारीक खिळा दोन्ही पट्ट्यांतून आडवा गेला पाहिजे.

आता पडलेल्या फटीत लांबी (पुट्टी) भरू नका; पावसाळ्यात पट्टी फुगली की ती बाहेर ढकलली जाते. सागाचीच पातळ पाचर बसवा. पट्टी ७५ मिमीहून रुंद असेल तर तिरका सांधा टाळून वरची पट्टी उभ्या पट्ट्यांवर सरळ टेकवलेली केव्हाही चांगली.

जुलैत चपड्याचे (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे) पॉलिश केले, त्यावर पांढुरके ढग आले. पुन्हा सगळे घासायचे का? (रत्नागिरी)

बहुधा नाही. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला दमटपणा त्यावर धरतो. पाणी मिसळलेले स्पिरिटही हेच करते. कोरड्या दिवशी मलमलीच्या बोळ्यावर स्पिरिटचे चार थेंब घ्या, बोळा जवळजवळ कोरडा वाटेपर्यंत पिळा आणि न थांबता हलके हात फिरवा. एकाच जागी रेंगाळलात तर खालचे पॉलिशही विरघळते. तरीही ढग राहिले तर ते खालच्या थरात आहेत. तेवढाच भाग ३२० नंबरच्या सँडपेपरने उतरवा.

नवे पॉलिश करताना लिटरभर स्पिरिटला १०० ते १२५ ग्रॅम चपडा घ्या. रात्रभर काचेच्या बरणीत भिजवा, लोखंडी डब्यात नको, कारण रंग काळपटतो. सकाळी गाळून घ्या. जुने, सहा महिने पडलेले मिश्रण वापरू नका; ते चिकट राहते. लाकूड १२०, १८० आणि २४० नंबरच्या पेपरने, रेषेच्या दिशेनेच घासा. आडवा ओरखडा पॉलिशखाली लपत नाही, उलट उठून दिसतो.

दार दर पावसाळ्यात घट्ट होते. रंधा मारून घेतो, पण उन्हाळ्यात फट मोठी दिसते. (ठाणे)

पावसाळ्यात रंधा मारायचा नाही. दाराची वरची आणि खालची कड पाहा. ती बहुतेक घरांत कोरीच असते आणि पाणी तिथूनच शिरते. हिवाळ्यात दार बिजागऱ्यांवरून उतरवा, बाजूंना ३ मिमी मोकळीक ठेवून रंधा मारा आणि सहाही बाजूंना सीलरचे (लाकडाची छिद्रे बंद करणाऱ्या लेपाचे) दोन हात द्या. बिजागऱ्यांच्या खाचासुद्धा सोडू नका.

खिळ्यांची भोके पॉलिशनंतर पांढरी दिसतात. (सांगली)

सीलरच्या पहिल्या हातानंतर भरा, आधी नाही. कोऱ्या लाकडाशी रंग जुळवला तर पॉलिशनंतर तो हमखास चुकतो. खडूपूड, गेरू आणि पिवडी सीलरमध्ये कालवून त्याच लाकडाच्या तुकड्यावर रंग पाहून घ्या. भोकाभोवती पसरलेला डिंकही असेच डाग पाडतो. तो ओला असतानाच पुसावा.

जवसाचे तेल लावायचे आहे. काय सांभाळावे? (पुणे)

पातळ हात द्या, वीस मिनिटांनी उरलेले तेल कोरडे पुसून काढा, आणि पहिला हात पूर्ण वाळल्यावर दुसरा द्या. जाड थर सुरकुततो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेलाच्या चिंध्या कधीही चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून झाकण लावा.