मुलाला ट्रक चालवायचाय, पण आड काय येईल?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र भोसरीहून आलंय. मुलगा एकोणीस वर्षांचा, शिक्षण सातवीपर्यंत. मामाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून जातो, पुढे त्याला हेवी गाडी चालवायची आहे. तुम्हाला तीन काळज्या आहेत: शिक्षण कमी, लाल-हिरव्यात गोंधळ होतो आणि गणपतीच्या मिरवणुकीतल्या भांडणाची पोलिसांत नोंद आहे. शेवटी जाता जाता लिहिलंय, ‘रात्री रस्ता मोकळा असला की मामा त्याच्या हातात गाडी देतो, हात चांगला बसलाय.’

मला खरी काळजी या शेवटच्या ओळीची वाटते. पण आधी तुमचे प्रश्न.

शिक्षणाचं मनातून काढून टाका. ट्रान्सपोर्टच्या लायसन्ससाठी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये केंद्राने काढली. वाचता मात्र यायला हवं. बिल्टी म्हणजे मालाची पावती, पाट्या, परीक्षेचे प्रश्न, सगळं वाचावंच लागतं.

डोळ्यांचं काम आजच करा. हेवी लायसन्सला डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो. त्यात नजर, रात्रीचं दिसणं, रंग ओळखणं हे सगळं येतं. २०२० पासून सौम्य किंवा मध्यम रंगांधत्व असलं तरी लायसन्स मिळू शकतं, तीव्र असेल तर नाही. कुठल्या प्रकारात बसतो हे घरी लाल-हिरवे कपडे दाखवून कळणार नाही. ससून रुग्णालयात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन ठिपक्यांच्या पुस्तकावर तपासून घ्या. काही कंपन्या स्वतःची तपासणी करतात आणि सरकारपेक्षा कडक असतात, तेही धरून चाला. निकाल वाईट आला तर आत्ताच कळलेलं बरं, कोर्सची फी भरल्यावर नको. फिट येत असेल किंवा अचानक चक्कर येत असेल तर तेही डॉक्टरांपासून लपवू नका.

पोलिसांचं म्हणाल, तर नोंद अदखलपात्र आहे की दखलपात्र गुन्ह्याची, ते आधी चौकीत जाऊन विचारा आणि कागद घ्या. नुसत्या नोंदीमुळे लायसन्स अडत नाही. पण चाकण-तळेगावच्या बऱ्याच वाहतूकदारांना चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. विचारलं तर मुलाने खरं सांगावं. भांडणापेक्षा लपवलेलं भांडण जास्त महागात पडतं.

आता मामाचं. मालवाहू गाडी चालवायला कायद्याने वीस वर्षं पूर्ण लागतात. त्यातही हेवीच्या लर्निंगआधी हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष हातात असावं लागतं. म्हणजे आज तुमचा मुलगा विनालायसन्स चालवतोय. पकडला तर पाच हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गाडी दिली म्हणून मालकावरही तेवढंच. ते एक वेळ सोसेल. अपघातात कुणी दगावलं तर निष्काळजीपणाच्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, आणि विमा कंपनी भरपाई देऊन ती मामाकडून वसूल करू शकते. नवले पुलाचा उतार पुणेकरांना सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड मालगाडीने एकापाठोपाठ कितीतरी गाड्यांना धडक दिली होती. रस्ता मोकळा दिसतो म्हणून ट्रक हलका होत नाही. तुमच्या तिन्ही काळज्यांतून वाट निघते, या एकीतून नाही.

मामाला चिडून बोलू नका, तो प्रेमानेच देतोय. त्याला सांगा, स्टिअरिंग वीसनंतर, हेवीचं लर्निंग हातात आल्यावर. तोवर ताडपत्री बांधणं, रस्सी, टायर, वजनकाटा, रिव्हर्सला मागे उभं राहून इशारा देणं, हे शिकव. पुढे मालक तेही विचारतात. रात्री झोप येऊ नये म्हणून ट्रकच्या लायनीवर नशेच्या गोळ्या खाणारे असतात, त्यांच्यापासून पोराला लांब ठेव, हेही सांगा. व्यसन सिद्ध झालं तर आरटीओ लायसन्स काढून घेऊ शकतं.

एजंट ‘वय वाढवून हेवी करून देतो’ म्हणेल. नको. लायसन्स खरं की खोटं, हे मालक ऑनलाइन दोन मिनिटांत पाहतो.

क्रम असा ठेवा: डोळे तपासून झाले की पिंपरी-चिंचवड आरटीओत हलक्या वाहनाचं लर्निंग, मग पक्कं. त्यानंतर वर्ष झालं आणि विशी ओलांडली की हेवीचं लर्निंग. त्याच्या प्रशिक्षणासाठी तुमच्या भोसरीतच आयडीटीआर ही ड्रायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, तिथे एकदा चौकशी करून या.

आणि अर्ज भरण्याआधी शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार शेजारी ठेवून पाहा. जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या.