अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट मानसिक आजारांवर औषध लिहून देऊ शकतो का?

हो, देऊ शकतो. 'असिस्टंट' या नावावर जाऊ नका, फिजिशियन असिस्टंट (पीए) म्हणजे कंपाउंडर नव्हे. 1965 साली ड्यूक विद्यापीठात नौदलातून आलेल्या वैद्यकीय सहायकांना घेऊन पीएचा कोर्स सुरू झाला. आज तो साधारण सव्वादोन वर्षांचा, मास्टर्स दर्जाचा आहे. मनोविकार विभागातला पीए रुग्ण तपासतो, नैराश्याचं निदान करतो, गोळ्यांचा डोस बदलतो. डॉक्टरांशी किती बांधील राहायचं, ते राज्याचा कायदा ठरवतो. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावरचं ब्युप्रेनॉर्फिन हे औषध लिहायची मुभाही 2016 च्या कायद्याने मिळाली. मानसोपचाराचं वेगळं प्रमाणपत्रही आहे, पण सक्तीचं नाही. माझ्या मते खरी अडचण वेगळीच: या शाखेकडे वळणारे पीए फार थोडे. दीर्घ समुपदेशन हवं असेल तर मात्र थेरपिस्टच गाठा.