मुरघासाच्या जुन्या मशिनला मक्याचं हेड कोणतं लावू?

प्रश्न: नमस्कार सर, माझ्याकडे मुरघासाचा (हवाबंद ठेवून आंबवायचा हिरवा चारा) मका कापायचं जुनं सेल्फ-प्रोपेल्ड, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणारं मशिन आहे, क्लास कंपनीच्या जग्वार 800 सिरीजचं, सेकंडहँड घेतलेलं, भाड्याने चालवतो. इंजिन, कुट्टी करणारा ड्रम सगळं ठणठणीत आहे पण पुढचं 4 ओळींचं चेनवालं हेड (मका कापून आत ओढणारा भाग) आता संपलंय, चेन ताणायला जागाच उरली नाही, स्प्रॉकेट झिजले आणि वाऱ्याने लोळलेला मका आला की सारखं चोक होतं. आमच्याकडे कुणी मका 60 सेमीवर टोकतं, कुणी 75 वर, आणि चाऱ्याचा मका तर 30 वर पेरलेला असतो. एक जण 6 मीटरचं ड्रमवालं जुनं हेड देतोय, म्हणतो डबल काम निघेल. घेऊ का?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर: दादा, ड्रमवालंच घ्या, पण 6 मीटरचं घेऊ नका.

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. चेनचं हेड 75 सेमीच्या ओळीवर बनवलेलं असतं, ओळ बरोबर हेडच्या पुढच्या दोन टोकांच्या मधे आली तरच ताटं सरळ आत जातात. 60 वर लावलेल्या मक्यात एक-दोन ओळी जमतात आणि बाकीच्या टोकाखाली आडव्या होतात, 30 वर पेरलेल्या आफ्रिकन टॉल या चाऱ्याच्या मक्यात तर विचारूच नका. ड्रमच्या हेडला ओळ बघावी लागत नाही, खाली जोरात फिरणारी पाती ताटं कापतात, वरचे दातेरी ड्रम ती धरून आत देतात, मग शेतात आडवं शिरा की तिरकं. ज्वारी, कडवळ पण निघतं. भाड्याचा धंदा आहे, शेतकरी तुमच्या हेडप्रमाणे मका लावणार नाही, हेडनेच त्याच्या रानाप्रमाणे चालायला पाहिजे.

आता रुंदी. 75 च्या हिशोबाने 3 मीटर म्हणजे 4 ओळी, 4.5 मीटर म्हणजे 6 आणि 6 मीटर म्हणजे 8. ड्रमचं हेड चेनपेक्षा जड असतं आणि ताकदही जास्त खातं, 6 मीटरचं लावलं की पुढच्या टायरवर आणि उचलायच्या सिलेंडरवर लोड येतो, मागे वजन टाकावं लागतं, आणि एवढं करून आपल्याकडच्या एकरा-दोन एकराच्या तुकड्यात ते वळवण्यातच वेळ जातो. शिवाय ट्रॉल्या तेवढ्या वेगाने भरून परत आल्या पाहिजेत ना, नाहीतर मशिन बांधावर उभं. मी तुमच्या जागी असतो तर 4.5 मीटरचं फोल्डिंग बघितलं असतं, क्लासचं आरयू 450 किंवा केम्पर कंपनीचं त्याच मापाचं, मिटल्यावर साधारण 3 मीटरात बसतं. मशिन सिरीजमधलं लहान मॉडेल असेल, रस्ते अरुंद असतील तर 3 मीटरचं सुद्धा वाईट नाही.

खरी फसगत होते ती जोडणीत. केम्परची हेडं वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशिनला लागतात पण प्रत्येकाची फ्रेम वेगळी, ड्राइव्ह शाफ्टची बाजू आणि स्पीड वेगळा. विकणारा "वेल्डिंग करून बसवून देतो" म्हणाला की तिथून निघा. तुमच्याच मॉडेलची फ्रेम आणि शाफ्ट हेडसोबत असेल तरच भावाचं बोला. स्पीड जमला नाही तर कुट्टी बिघडते: हेड फार जोरात फिरलं तर माल फीड रोलरपुढे गोळा होतो, हळू फिरलं तर ताटं उपटून येतात आणि मुळाची माती मुरघासात जाते. त्या मातीने मुरघास खराब होतो आणि ते जनावरांच्या पोटात जातं, म्हणून मी याला एवढं महत्त्व देतोय.

जुनं हेड बघताना ड्रम हाताने मागेपुढे हलवा, फार ढिला वाटला तर गिअरबॉक्स गेलाय. तेल थोडं काढून बोटावर चोळा, धातूचा चुरा चमकला तर सोडून द्या. पाती आणि स्क्रेपर नवीन मिळतात, त्याचं टेन्शन घेऊ नका, पण मधल्या फ्रेमला वेल्डिंगचे डाग आहेत का, स्लिप क्लच (जास्त लोड आला की घसरून गिअर वाचवणारे) गंजून जाम आहेत का ते नक्की बघा. मग मशिनला लावून रिकामं फिरवा, मेटल डिटेक्टर (मालात लोखंड आलं की मशिन थांबवणारा) उगाच ट्रिप मारतोय का पहा, आणि थोडे पैसे मागे ठेवा, ते उभ्या मक्यात चालवल्यावरच द्या.

एक आपल्या भागातली गोष्ट, शेतात शिरण्याआधी ठिबकच्या नळ्या गोळा केल्यात का ते स्वतः चालत जाऊन बघा. नळी प्लास्टिकची, डिटेक्टरला दिसत नाही, ड्रमला गुंडाळली की सील पण खाते. दगडाचं रान असेल तर कापणी 20 सेमी उंच ठेवा, थोडा चारा कमी येईल पण पाती वाचतील.

प्रश्न: कंबाइन हार्वेस्टरचं मक्याचं हेड स्वस्तात मिळतंय, ते मुरघासाच्या मशिनला चालेल का?
– एक वाचक, फलटण

उत्तर: नाही चालणार. ते फक्त कणीस तोडून घेतं आणि ताटं खाली ओढून शेतातच सोडतं. आपल्याला पान, ताट आणि कणीस सगळं पाहिजे, दाणा चिकातून पुढे सरकून घट्ट व्हायला लागलेला असताना. परदेशात नुसत्या कणसांचा मुरघास करणारे तसलं हेड वापरतात, पण त्याला वेगळी जोडणी लागते आणि तुमच्या गाई-म्हशींना चारा म्हणून ते पुरणार नाही.