वाचकांचे प्रश्न : वाइनमधला क्रॅनबेरी सॉस आणि सासूबाईंचं ताट

प्रश्न : ताई, गेल्या थँक्सगिव्हिंगला मी पहिल्यांदाच रेड वाइन घालून क्रॅनबेरी सॉस केला. तो तुरट झाला आणि पातळही राहिला. यंदा पुण्याहून सासूबाई आल्या आहेत. त्या वाइनला हात लावत नाहीत. नवरा म्हणतो, उकळल्यावर दारू उडूनच जाते, त्यांना सांगायची काय गरज? काय करू?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आधी सासूबाईंचं बोलू, कारण सॉस बिघडला तर पुन्हा करता येतो. उकळल्यावर दारू पूर्ण उडून जाते हे खरं नाही. अर्धा तास मंद आचेवर शिजवलं तरी जवळपास एक तृतीयांश अल्कोहोल पदार्थात राहतं, आणि तुमचा सॉस तर त्याहून कमी वेळ शिजणार. बरीच वर्षं झाली, माझ्याकडे जेवायला आलेल्या एका काकांना मी असाच न सांगता सॉस वाढला होता. त्यांनी दोनदा मागून घेतला आणि नंतर आपुलकीने कृती विचारली. मी वाइनचं नाव घेतल्यावर ते गप्प झाले आणि त्यांनी ताट बाजूला सरकवलं. मला आजही त्याचं वाईट वाटतं. तेव्हा न लपवता दोन पातेली करा.

आता तुरटपणा. क्रॅनबेरी मुळातच तुरट असते. त्यात तुम्ही कॅबर्नेसारखी जड वाइन घातली असेल, तर ती आटल्यावर तुरटपणा आणखी वाढतो. पिनो न्वारसारखी हलकी वाइन घ्या. महाग नको, पण प्यायला बरी वाटेल अशी हवी. दुकानात ‘कुकिंग वाइन’ म्हणून मिळते तिच्यात मीठ असतं, ती अजिबात नको.

इथे ताजी क्रॅनबेरी १२ औंसांच्या, म्हणजे ३४० ग्रॅमच्या पिशवीत मिळते. मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. ऑक्टोबरात प्लिमथच्या आसपास गेलं की पाणी भरलेल्या मळ्यांवर लालभडक थर तरंगताना दिसतो. फळाच्या पोटात चार पोकळ कप्पे असतात, म्हणून ते तरंगतं. तरंगणारं ते पीक बहुतेक रस आणि डबाबंद सॉससाठी जातं. पिशवीतली ताजी फळं कोरड्या मळ्यातून काढलेली असतात. इथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांच्या खाण्यात हे फळ युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. पिशवी उघडलीत की फळं ताटात पसरा, मऊ पडलेली आणि सुरकुतलेली काढून टाका. चांगलं फळ टणक असतं, ओट्यावर टाकलं तर उडी मारतं.

स्टीलचं पसरट पातेलं घ्या. अॅल्युमिनियमचं नको, कारण हे फळ फार आंबट असतं. एक कप वाइन आधी एकटीच उकळा आणि निम्मी होईपर्यंत आटवा. माझ्या शेगडीवर आठ-दहा मिनिटं लागतात. गेल्या वर्षी तुम्ही बहुधा फळं आणि वाइन एकत्रच चढवली असणार. मग वाइन आटेपर्यंत फळांचा लगदा होतो, किंवा फळं सांभाळायची म्हणून सॉस पातळ असतानाच उतरवावा लागतो. वाइन आटली की अर्धा कप पाणी, एक कप साखर, दालचिनीचा एक तुकडा, दोन लवंगा आणि एका संत्र्याची किसलेली साल घाला. साल फक्त वरची नारिंगी घ्या, आतला पांढरा भाग कडू लागतो. गूळ मी घालून पाहिला आहे. त्याच्या चवीपुढे वाइन कळतच नाही.

साखर विरघळली की फळं घाला. तीन-चार मिनिटांत ती टपटप फुटायला लागतात, तेव्हा पातेल्यापासून जरा लांब उभ्या राहा, शिंतोडे भाजतात. दहाएक मिनिटांत बरीच फळं फुटलेली, काही अख्खी असतील. तिथेच गॅस बंद करायचा. सॉस अजून वाहता दिसेल आणि हात पुन्हा बटणाकडे जाईल, पण थांबा. या फळात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातला पदार्थ, भरपूर असतं, म्हणून सॉस गार होताना आळतो. खात्री हवी तर फ्रीजमधल्या गार बशीवर थेंब टाका आणि बोटाने सरकवा. वर सुरकुती पडली की झालं. मुरंब्याचा पाक आपण असाच तर पाहतो!

सासूबाईंच्या पातेल्यात वाइनऐवजी एक कप बिनसाखरेचा डाळिंबाचा रस निम्मा आटवून घाला आणि साखर दोन मोठे चमचे कमी करा. रंग तितकाच गडद येतो, म्हणूनच दोन्ही वाडगे वेगळ्या आकाराचे घ्या आणि चमचेही वेगळे ठेवा. पहिला डाव सासूबाईंचा करा म्हणजे पातेलं धुवायची घाई होणार नाही. त्यांना जवळ उभं करून बशीवरचा थेंब दाखवा. मुरंबे घातलेला हात असेल तर कधी उतरवायचं ते त्याच सांगतील.

हे सगळं मंगळवारीच उरका. थँक्सगिव्हिंग गुरुवारी असतो, तोपर्यंत चव मुरते आणि त्या दिवशी टर्कीसाठी ओव्हन अडतो तेव्हा शेगडीवर तरी जागा राहते. काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये आठवडाभर सहज टिकतो. वाढण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा, आणि लवंगा मोजून काढा, दोन्ही.